निकाल लागेपर्यंत : एम.टेक. की थेट पीएच.डी.?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयातून जैवतंत्रज्ञानात बी.टेक. पूर्ण केले असून माझा सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) ८.१ आहे. यंदा मी गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि जून सत्राची सीएसआयआर-युजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही दिली. उत्तरतालिकेशी ताडून पाहिले तर माझे गुण जेआरएफच्या (पीएच.डी.साठीच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीच्या) रेषेच्या अगदी काठावर येतात. निकाल कधी लागेल ते कळायला मार्ग नाही. मधल्या काळात मुंबईच्या एका संस्थेत एम.टेक.ची जागा मिळाली आहे आणि शुल्क भरायला दहा दिवस उरले आहेत. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात ज्यांच्या प्रयोगशाळेत मी आठ आठवडे काम केले ते सर म्हणतात, "जेआरएफ घेऊन ये, मी तुला थेट पीएच.डी.ला घेतो." वडील एसटीत वाहक आहेत आणि माझ्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर आहे. त्यांना वाटते की जेआरएफ मिळत असेल तर एम.टेक.ची दोन वर्षे वाया का घालवायची. आईला मी आपल्याच भागात प्राध्यापक व्हावे असे वाटते. मी काय करावे? (एक वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : ८.१ हा आकडा तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझी नजर तिथेच अडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला प्रवेश घ्यायचा असेल, तर पदवीला किमान ७५ टक्के गुण किंवा त्यांच्या तोडीची श्रेणी लागते. ८.१ म्हणजे किती टक्के, हे विद्यापीठ कोणते सूत्र वापरते त्यावर ठरते. दहाने गुणले तर ८१ टक्के होतात आणि साडेनऊने गुणले तर ७६.९५. पण अनेक तंत्रशिक्षण संस्थांमध्ये सीजीपीएमधून पाऊण वजा करून दहाने गुणण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने तुमचे ७३.५ टक्केच भरतात आणि दीड टक्क्याने दार बंद होते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे ही सवलत तुम्हाला लागू होते की नाही ते तुम्हीच पाहा. आज रात्री गुणपत्रकाच्या मागची बारीक अक्षरे वाचा, आणि उद्या परीक्षा विभागात जाऊन टक्केवारीचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र मागा. ते हातात येईपर्यंत वडिलांशी पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही. निकाल लागल्यावर, मुलाखतीच्या टेबलावर हा हिशेब प्रथमच मांडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्या क्षणी परीक्षकांच्या हातातही काही नसते.

आता सरांच्या शब्दाबद्दल. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण पीएच.डी.ची जागा शब्दावर मिळत नाही. याच नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा सरांना नम्रपणे पत्र लिहून दोन गोष्टी विचारा : सध्या आपल्याकडे जागा रिकामी आहे का, आणि या वर्षीच्या प्रवेशप्रक्रियेत ती जाहीर होणार आहे का. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर मोघम आले तर तेही एक उत्तरच समजा.

मिळालेल्या जेआरएफचे स्वरूपही नीट समजून घ्या. चार वर्षांच्या पदवीवर नेट देणाऱ्याला जेआरएफ आणि पीएच.डी. प्रवेश एवढ्यापुरतेच पात्र मानले जाते. सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता त्यातून मिळत नाही. आईची इच्छा नेमकी इथे येऊन अडते. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे, तर तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांत बी.टेक. आणि एम.टेक. या दोन्ही पदव्या अपेक्षित असून त्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी लागते. केंद्रीय संशोधन संस्थांत आणि आयआयटींत थेट पीएच.डी. केलेल्यांना कमी लेखत नाहीत, तिथे प्रबंध आणि शोधनिबंधच तोलले जातात. पण कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात नोकरी करायची असेल, तर अर्जातला पदव्युत्तर पदवीचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. म्हणजे एम.टेक.ची दोन वर्षे वाया की कामी, हे तुम्हाला पुढे कुठे जायचे आहे त्यावर ठरते, आणि नेमके तेच तुम्ही पत्रात कुठे लिहिलेले नाही. वडिलांचे मत आहे, आईचे आहे, सरांचेही आहे. तुमचे मत मात्र मला शोधूनही सापडले नाही.

"दोन वर्षे वाचतात" हा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. पदवीनंतर थेट पीएच.डी. करणाऱ्याला बहुतेक चांगल्या संस्थांत कोर्सवर्कचा वाढीव भार असतो, कारण एम.टेक.ला जे शिकायचे ते कुठे तरी शिकावेच लागते. पीएच.डी.चा नियमाने ठरलेला किमान काळ तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. विशेष परवानगीने तो आणखी दोन वर्षांनी वाढतो आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. प्रयोगांवर चालणाऱ्या जैवविज्ञानात तीन वर्षांत प्रबंध देणारा विद्यार्थी मी तरी क्वचितच पाहिला. जेआरएफ मात्र पाच वर्षांचीच असते : पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, आणि समितीने काम तपासून बढती दिली की पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. सगळे सुरळीत झाले तर पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात. त्याच्या शेजारी गेटवर मिळणारे एम.टेक.चे दरमहा १२,४०० रुपये ठेवले, म्हणजे दोन वर्षांचे जेमतेम तीन लाख, तर वडिलांना काय वाटत असेल हे मी समजू शकते. तरीही सहाव्या वर्षाची तरतूद या २४ लाखांत नाही आणि पहिली रक्कम खात्यात जमा व्हायलाही अनेकदा काही महिने जातात. पुण्यात खोली घेऊन राहायचे तर तेवढ्या दिवसांचा खर्च गाठीशी हवा. कर्जाबद्दल सांगायचे, तर शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत. पुढचे शिक्षण सुरू झाल्याचे प्रवेशपत्र देऊन ही सवलत वाढवून मागता येते, पण बँकेने लेखी मान्य केल्याशिवाय ती मिळाली असे धरू नका.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडले ते सांगते. मलाही अधिछात्रवृत्तीचे पत्र आले तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि मुदत संपायच्या आत नोंदणी व्हावी म्हणून ज्यांच्याकडे जागा रिकामी होती त्या पहिल्याच मार्गदर्शकांकडे मी गेले. मला वनस्पतींच्या रोगप्रतिकाराविषयी काही करायचे होते. त्यांच्या शीतकपाटात आधीच्या विद्यार्थ्याने करून ठेवलेल्या मुगाच्या अर्काच्या बाटल्या होत्या आणि त्यातले विकर शुद्ध करण्याचे काम अर्धवट राहिले होते, ते माझ्या वाट्याला आले. पुढची चार वर्षे, अगदी मे महिन्यातही, मी स्वेटर घालून थंड खोलीत काचेच्या नळीखाली पडणारे थेंब मोजत बसले. प्रबंध झाला, पदवी मिळाली, नोकरीही लागली, तरी त्या कामात माझा असा एकही प्रश्न नव्हता. चूक मार्गदर्शकांची नव्हती. त्यांनी मला फसवले नाही. मी पत्रावरची तारीख पाहून विषय निवडला, एवढेच.

म्हणून तुम्हाला विचारते : त्या आठ आठवड्यांत तुम्ही नेमके काय केले? जेल चालवली असेल, पीसीआर लावले असतील, वरिष्ठ संशोधकाच्या वहीतली कृती पाहून द्रावणे तयार केली असतील. हे सगळे आवश्यकच आहे. पण एखादा प्रयोग बिघडला तेव्हा तो का बिघडला हे तुम्ही स्वतः शोधले का, आणि तुम्ही तिथून निघालात त्या दिवशी "यापुढचा प्रयोग मी असा केला असता" असे तुमच्या मनात काही होते का? असेल, तर तुम्ही थेट पीएच.डी.साठी तयार आहात, आणि वयाची बाविशी हे लवकर नाही. नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो प्रश्न पडायला बहुतेकांना एम.टेक.चे प्रकल्पाचे वर्ष लागते. संपूर्ण वर्ष एकाच समस्येवर, जवळजवळ स्वतःच्या हिमतीवर काम करणे आणि तरी फसल्यास प्रबंधाचे नुकसान न होणे, ही सोय पुढे कुठेच मिळत नाही.

आता माझे मत स्पष्ट सांगते. एम.टेक.चे शुल्क मुदतीत भरा आणि जागा पक्की करा. निकालाच्या भरवशावर हातातली जागा सोडू नका, कारण या परीक्षांच्या तारखांवर विसंबता येत नाही हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२४ साली १८ जूनला झालेली युजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि २५ ते २७ जूनला ठरलेली सीएसआयआर-नेट पुढे ढकलली जाऊन जुलैच्या अखेरीस झाली. त्या वर्षी तुमच्यासारखी किती तरी मुले प्रवेशाच्या रांगेत निकालाविना उभी होती. शुल्क भरताना माहितीपुस्तिकेतील प्रवेश रद्द करण्याची आणि शुल्कपरतीची शेवटची तारीख शोधून दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहून ठेवा. मूळ कागदपत्रे फक्त पडताळणीपुरती दाखवावी लागतात, ठेवून घेण्याचा आग्रह आयोगाला मान्य नाही. तरी महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र ही दोन कागदे एकदा दिली की परत मिळवताना दमछाक होते, म्हणून त्यांच्या साक्षांकित प्रती आधीच करून ठेवा. एम.टेक. सुरू झाल्यावर निकाल लागला आणि जेआरएफ मिळाली, तर तीन गोष्टी तपासा. टक्केवारी अटीत बसते, सरांकडे जागा आहे आणि ती जाहीर झाली आहे, आणि मी वर विचारलेल्या प्रश्नाला तुमच्याकडे खरे उत्तर आहे. तिन्ही जमत असतील तर एम.टेक. सोडून पुण्याला जा. शुल्कातले काही हजार गेले तरी जाऊ द्या. तीनपैकी एक जरी जमत नसेल तर जेआरएफ सोडा.

हे वाक्य घरी वाचून दाखवाल तेव्हा वडिलांचा चेहरा उतरेल याची मला कल्पना आहे. पदवीवर मिळालेल्या जेआरएफचे पैसे ठरलेल्या मुदतीत पीएच.डी.ची नोंदणी झाली तरच सुरू होतात, त्यामुळे एम.टेक. करून मग ती वापरू असे गृहीत धरता येणार नाही. पण नेट वर्षातून दोनदा होते, तुमचे वय बावीस आहे आणि जेआरएफच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. आज काठावर आलेली मुलगी एम.टेक.नंतर पुन्हा बसेल तेव्हा काठावर राहणार नाही, असा माझा अनुभव आहे. गेटचे गुणही तीन वर्षे वापरता येतात. शिवाय अनेक आयआयटींत आणि तत्सम संस्थांत एम.टेक.च्या पहिल्या वर्षी चांगले गुण मिळवणाऱ्याला पुढे पीएच.डी.कडे वळता येते; मुंबईच्या संस्थेत तशी सोय आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्या. असेल, तर तुमच्यापुढचा पेच बराचसा तिथेच सुटतो.

आणि जेआरएफ मिळालीच नाही, नुसते पीएच.डी. प्रवेशाच्या यादीत नाव आले, तर? जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात, आणि तिसऱ्या गटातील उमेदवाराला प्रवेशाची पात्रता मिळते, पैसे मिळत नाहीत. ते गुण एक वर्षच चालतात आणि प्रवेश देताना त्यांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. तुमच्या घरची परिस्थिती पाहता अधिछात्रवृत्तीशिवाय पीएच.डी. सुरू करू नका असे मी निक्षून सांगेन. सर एखाद्या मंजूर प्रकल्पावर जेआरएफ म्हणून घेणार असतील तर गोष्ट निराळी : व्यावसायिक पदवी आणि गेट यांवर अशी नेमणूक होऊ शकते आणि दरही तोच ३७,००० आहे. पण प्रकल्प संपला की पैसे संपतात, म्हणून प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत ते आधी विचारा.

प्रश्न : मी लातूरला भौतिकशास्त्रात तीन वर्षांची बी.एस्सी. केली आहे. खगोलभौतिकीत संशोधन करायचे आहे. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेत बरे गुण आहेत. एकात्मिक पीएच.डी.ला जावे, की आधी एम.एस्सी. करून मग जेआरएफ मिळवावी? सहा-सात वर्षे एकाच ठिकाणी अडकण्याची भीती वाटते. (एक वाचक, लातूर)

उत्तर : तुमची पदवी तीन वर्षांची असल्यामुळे वरच्या उत्तरातील थेट पीएच.डी.चा मार्ग तुम्हाला खुला नाही, पण एकात्मिक पीएच.डी.चा आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणी पदवीनंतर हा प्रवेश मिळतो, पहिली वर्षे एम.एस्सी.च्या पातळीवरच्या अभ्यासाची असतात आणि विद्यावेतन सुरुवातीपासून असते. म्हणजे यात पदव्युत्तर अभ्यास टळत नाही, तो त्याच छपराखाली होतो. तुमची भीती रास्त आहे, पण ती थोडी उलट बाजूने पाहा : विषय आधीच ठरवावा लागत नाही, दोन-तीन प्रयोगशाळा किंवा गट पाहून मार्गदर्शक निवडता येतो. खगोलभौतिकीत गणिताचा पाया कच्चा असताना घाईने संशोधनाला लागण्यापेक्षा हे बरे. जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले, तेव्हा त्यांनीही लगेच संशोधनाला हात घातला नाही. आधी तिथल्या गणिताच्या ट्रायपॉसला पुन्हा पदवीच्या बाकावर बसले, आणि पीएच.डी. १९६३ साली मिळवली.

एकात्मिक प्रवेश मिळाला तर घ्या. न मिळाल्यास जॅमच्या गुणांवर आयआयटीतील एम.एस्सी.चा प्रयत्न करा, आणि तेही न जमल्यास आपल्या विद्यापीठातील एम.एस्सी. चांगली करा, दुसऱ्या वर्षात असतानाच नेटला बसता येते, आणि पुण्यातील आयुका व एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्थांत एम.एस्सी.नंतर पीएच.डी.चे दार उघडे असते. एकात्मिक प्रवेशाची मुलाखत बहुधा पदवीच्या अभ्यासक्रमावरच होते. तेव्हा निकालाची वाट पाहण्याच्या या दिवसांत यामिकी आणि विद्युतचुंबकत्व यांची जुनी वही काढा, आणि प्रत्येक प्रकरणातील दोन गणिते कोणाच्याही मदतीशिवाय फळ्यावर सोडवून पाहा. मुलाखतीत फळ्यापाशीच उभे राहावे लागते.